ऐकणाऱ्याचं मैदान

५ जानेवारी २०१६ रोजी कल्याण पश्चिमेच्या वायलेनगरात, युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर, प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने एकाच डावात हजार धावांचा टप्पा ओलांडला. भंडारी चषकाचा हा शालेय सामना होता. के. सी. गांधी शाळेने आदल्या दिवशी आर्य गुरुकुल शाळेचा डाव ३१ धावांत संपवला होता आणि सलामीला उतरलेला प्रणव दिवसअखेर ६५२ वर नाबाद होता. इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ मध्ये केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम पहिल्याच संध्याकाळी मागे पडला. दुसऱ्या दिवशी डाव घोषित झाला तेव्हा फलकावर ३ बाद १४६५ धावा होत्या. त्यांतल्या नाबाद १००९ रिक्षाचालकाच्या या मुलाच्या. १२९ चौकार, ५९ षटकार.

पहिल्या दिवशी हे कुणाच्या गावीही नव्हतं. कॅमेरे आले ते दुसऱ्या दिवशी, बातमी पसरल्यावर. शालेय सामन्याला समालोचक नसतो, त्यामुळे या डावाची नोंद गुणपत्रिकेत राहिली, आवाजात राहिली नाही. पाचशे ओलांडताना समोरच्या मुलांचे खांदे कसे पडले होते, चेंडू आणायला कोण धावत होतं, ऊन कुठवर आलं होतं, हे सगळं मैदानावर हजर असलेल्या मोजक्या माणसांपाशी आहे. १८ जून १९८३ रोजी कपिलदेवने टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या, त्या डावाचंही असंच झालं. ५ बाद १७ वरून त्याने संघ वर काढला, पण त्याचं दूरदर्शनचं चित्रीकरण नाही. विश्वचषकाच्या इतिहासातला तो इतका मोठा डाव आपल्यापर्यंत पोचला तो आकड्यांतून आणि हजर असलेल्यांच्या आठवणींतून.

ज्याला मैदान दिसत नाही त्याला ते दाखवणं, हे रेडिओवरच्या समालोचकाचं काम. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसांविषयी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दोन पिढ्यांनी क्रिकेट आधी ऐकलं आणि मग पाहिलं, म्हणून हा विषय इथूनच मांडावासा वाटतो.

या पेशाची भरदार आयुष्यं बघायची तर अमेरिकेच्या बेसबॉलकडे जावं लागतं. तिथे एका संघाचे एका हंगामात १६२ सामने होतात. वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तोच आवाज त्याच घरात येतो. व्हिन स्कली यांनी १९५० मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचं समालोचन सुरू केलं आणि २०१६ मध्ये थांबवलं. ६७ हंगाम, एकच संघ. १९५८ मध्ये हा संघ लॉस एंजेलिसला गेला. तिथलं कोलिझियम हे अवाढव्य मैदान बेसबॉलसाठी बांधलेलंच नव्हतं, लांबच्या रांगांतून खेळ नीट कळत नसे. म्हणून लोक तिकीट काढून आत येत आणि सोबत ट्रान्झिस्टर आणत. समोर खेळ चालू असताना कानावर स्कली. डोळ्यांनी पाहिलेलं खरं का, हे त्यांच्या आवाजाला विचारून घेतलं जाई.

स्कलींना घडवणारे रेड बार्बर माईकजवळ तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू सरली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. कारण कुणीतरी आत्ताच घरी येऊन रेडिओ लावलेला असतो आणि त्याला आधीचं काहीच ठाऊक नसतं. या एका सवयीत मला या पेशाची सगळी नीती दिसते. समालोचक रंगात आलेला असो, सामना ऐन भरात असो, उशिरा आलेल्या श्रोत्याला तो विसरत नाही.

आपल्याकडे ही सुरुवात मुंबईत झाली. १९३४ मध्ये एस्प्लनेड मैदानावर पारशी विरुद्ध मुस्लिम हा चौरंगी स्पर्धेतला सामना होता. माईकसमोर ए. एफ. एस. तल्यारखान बसले होते, सगळ्या मुंबईचे बॉबी. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावसुद्धा तेव्हा पडलं नव्हतं, ते १९३६ मध्ये आलं. तल्यारखान एकटे बोलत. सकाळी पहिला चेंडू पडल्यापासून संध्याकाळी यष्ट्या निघेपर्यंत, उपाहार आणि चहापान सोडलं तर, दुसरा आवाज नाही. चौरंगी स्पर्धा १९३७ मध्ये पंचरंगी झाली. तिच्या सामन्यांना मुंबईत जी गर्दी लोटे ती आज सांगून खरी वाटत नाही, आणि मैदानात न मावलेली मुंबई रेडिओपाशी जमे.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. आकाशवाणीने तीन समालोचकांनी आळीपाळीने बोलायची पद्धत आणली. तल्यारखान यांना माईक वाटून घेणं मान्य नव्हतं. ते बाजूला झाले. पुढे १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यावर आणि नंतर १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत त्यांचा आवाज पुन्हा आला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. १९९० मध्ये ते वारले. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, दिवसभराच्या खेळाला एकच निवेदक असला की धागा तुटत नाही. हे खरं आहे. तरीही आकाशवाणीचा निर्णय योग्य होता असंच माझं मत आहे. एका माणसाने दिवसभर माईक धरून ठेवला असता तर दुसऱ्या भाषेला तिथे बसायला जागाच मिळाली नसती. माईक वाटला गेला म्हणून इंग्रजीच्या शेजारी हिंदी आली आणि मराठीलाही वाट सापडली.

मराठी समालोचनाचा पाया घातला पुण्याच्या बाळ ज. पंडित यांनी. ते महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेले. मैदानावर स्वतः उभा राहिलेला माणूस माईकपाशी आला की काय फरक पडतो, हे त्यांच्या श्रोत्यांना कळत होतं. गोलंदाजाने क्षेत्ररक्षक हलवला की पुढचा चेंडू कुठे पडणार याचा अंदाज तो आधी देतो, आणि चेंडू तिथे पडला की श्रोत्याला वाटतं, आपल्यालाही खेळ कळायला लागला. पंडितांनी क्रिकेटवर मराठीत पुस्तकंही पुष्कळ लिहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, ते पुण्यात गेले.

मराठीत धावतं वर्णन करणं किती कठीण आहे याचा विचार आपण सहसा करत नाही. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. जलद गोलंदाजाचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंदही पुरे होतो. पूर्ण वाक्य बांधत बसलं तर क्रियापद येईस्तोवर चेंडू सीमेपार गेलेला असतो. मग समालोचक क्रियापदच गाळतो. ‘पुढे सरसावून, कव्हर आणि मिड ऑफच्या मधून, चार धावा.’ श्रोता ते मनात पूर्ण करतो. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात मात्र ऐसपैस वाक्यं येतात. गोलंदाज परत चालला आहे, पॅव्हेलियनची सावली खेळपट्टीच्या टोकाला आली आहे, प्रेक्षकांत कुजबुज आहे. तुटक आणि सलग, अशा दोन चालींवर बोलायचं, आणि एका चालीतून दुसरीत जाताना धक्का बसू द्यायचा नाही. मराठीत हे आधी कुणी केलेलं नसताना ज्याने ते बसवलं, त्याला वाङ्मयाच्या इतिहासातही एक परिच्छेद मिळायला हवा.

पंडितांच्या बरोबरीने नाव घ्यायचं ते वि. वि. करमरकर यांचं. मूळचे नाशिकचे करमरकर ‘महाराष्ट्र टाइम्स’चे क्रीडा संपादक होते. मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान मिळालं ते त्यांच्यामुळे. लेखणी हे त्यांचं मुख्य हत्यार, पण माईकसमोरही ते बसले, आणि लिहिताना जसे स्पष्ट तसेच बोलतानाही. मार्च २०२३ मध्ये ते गेले तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत पत्रकार करमरकर सविस्तर होते आणि समालोचक करमरकर एखाद्या ओळीत. लिहिलेलं कात्रणात टिकतं. बोललेलं त्याच संध्याकाळी विरून जातं.

इथे लॉस एंजेलिसमधला दुसरा एक माणूस आठवतो, आणि मराठी वाचकाला स्कलींपेक्षा तो जवळचा वाटेल. हायमे हारीन. इक्वाडोरमधल्या कायांबे गावचा हा मुलगा १९५५ मध्ये विशीच्या आत अमेरिकेत आला. बेसबॉल त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो काम करत असलेल्या स्पॅनिश रेडिओ केंद्राने डॉजर्सचे सामने स्पॅनिशमधून द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने खेळ शिकायला वेळ मागून घेतला आणि १९५९ मध्ये माईक हाती घेतला. सुरुवातीच्या वर्षांत संघ परगावी गेला की केंद्राकडे समालोचक पाठवायला पैसे नसत. मग हारीन लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून स्कलींचं इंग्रजी कानाने ऐकत आणि लगोलग तोंडाने स्पॅनिश बोलत. ते ६४ हंगाम बोलले, २०२२ पर्यंत. १९८१ मध्ये मेक्सिकोचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला हा तरुण पिचर एकाएकी साऱ्या अमेरिकेचा लाडका झाला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पत्रकार परिषदांत त्याच्या शेजारी दुभाषी म्हणून हारीन बसत. १९९८ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्यांना दिला. शेतात, कारखान्यात, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या स्पॅनिशभाषक माणसाला हा खेळ आपलाही आहे असं वाटलं, त्यात या आवाजाचा वाटा मोठा होता. तिकडे हे काम सन्मानाने नोंदवलं गेलं. आपण पंडितांच्या वाट्याला तसं काय दिलं, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

या गावांकडे येऊ. मुंबईहून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५३. इथली माणसं सकाळी मुंबईला जातात आणि रात्री परततात. कसोटी सामना चालू असेल तर डब्यात कुणाच्या तरी पिशवीत ट्रान्झिस्टर असायचाच. वरच्या विजेच्या तारांमुळे मध्यम लहरीवर खरखर येई. मुंब्र्याजवळ गाडी बोगद्यात शिरली की आवाज गडप. बाहेर पडेपर्यंत सगळा डबा थांबलेला असे. त्या मिनिटभरात कुणी बाद झालेलं असलं तर बोगद्यालाच शिव्या बसत. खिडकीपाशी बसलेल्याकडून धावसंख्या दारात लटकणाऱ्यांपर्यंत तोंडोतोंडी जाई. स्टेशनबाहेरच्या पानाच्या गादीवर पाटी टांगलेली असे, तीवर खडूने धावा आणि बाद. वागळे इस्टेटच्या आणि डोंबिवली एमआयडीसीच्या कारखान्यांत उपाहारगृहातला रेडिओ जेवणाच्या सुट्टीत मोठा होई.

पण सर्वांत मोठा श्रोतृवर्ग घरात होता, आणि त्याची मोजदाद कुणी केली नाही. चाळीतल्या बायका दुपारी निवडण-टिपण करताना कॉमेंट्री ऐकत. त्या काळी मैदानावर गेलेल्या बायका कमी, पण स्लिप कुठे आणि गली कुठे हे त्यांना पाठ असे. हे शिक्षण त्यांना रेडिओने दिलं, आणि मराठी समालोचनाने तर थेट घरच्या भाषेत दिलं. इंग्रजी कॉमेंट्री ऐकताना धावसंख्या आणि नावं कळत, मधलं सगळं निसटून जाई. ज्यांचं शिक्षण सातवी-आठवीत थांबलं त्यांना ‘मधलं’ कळायला लागलं ते मराठीमुळे. अंध श्रोत्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी रेडिओ हीच एक प्रेक्षकगॅलरी होती, आणि अजूनही आहे.

रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयात फी भरून परवाना घ्यावा लागे, त्याचं छोटं पुस्तक असे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन आलं, ऐंशीच्या दशकात रंगीत झालं, परवाने गेले, ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला. आमच्या भागात तो माळ्यावरून परत उतरला, हे मात्र मुंबईकराला सांगूनही पटत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात महावितरणच्या भारनियमनाने ठाणे जिल्ह्याला पिळून काढलं. मुंबई शहरात दिवे चालू, आणि कल्याण-डोंबिवलीत रोज तासन् तास अंधार. भारताचा सामना ऐन रंगात आला की टीव्ही बंद पडायचा. मग पेटीच्या तळातून जुना ट्रान्झिस्टर निघे, सेल शोधले जात, इमारतीच्या जिन्यात माणसं जमत. ज्या मुलांनी क्रिकेट फक्त पडद्यावर पाहिलं होतं, ती मुलं तेव्हा पहिल्यांदा सामना ऐकायला शिकली.

समालोचकाच्या बोलण्यात ताकद किती असते याचा एक कठोर धडा मुंबईतच मिळालेला आहे. नोव्हेंबर १९६९, ब्रेबॉर्न स्टेडियम, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. भारताचा दुसरा डाव कोसळत होता. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. निर्णय चुकला असं समालोचकाने माईकवर बोलून दाखवलं, आणि स्टँडमधल्या ट्रान्झिस्टरांवरून ते हजारोंच्या कानी एकदम पडलं, असं त्या दिवसाच्या वृत्तांतांत नोंदलेलं आहे. मग बाटल्या आल्या, खुर्च्या पेटल्या, धुरात मैदान दिसेना. लोकांचा राग आधीपासून साचलेला होता, सगळा दोष एका वाक्यावर टाकता येणार नाही. पण ज्याचं ऐकून लोक डोळ्यांवर विश्वास ठेवतात त्याने मत किती आणि कधी सांगावं, हा प्रश्न त्या दिवसापासून या पेशात कायमचा आहे. स्कलींनी याचं उत्तर वेगळ्या प्रसंगी दिलं. ८ एप्रिल १९७४ ला हँक आरनने ७१५वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगितलं आणि ते गप्प बसले. बराच वेळ फक्त गर्दीचा आवाज. नंतर बोलले ते एका कृष्णवर्णी खेळाडूला दक्षिणेकडच्या राज्यात उभं राहून मानवंदना मिळते आहे, याविषयी. कधी थांबायचं हे कळायला आयुष्य जातं.

आपल्याकडे समालोचन हा पोटाचा धंदा कधीच नव्हता. आकाशवाणी सामन्यागणिक करार करी आणि मानधन देई. बाकीचं वर्ष माणूस आपल्या नोकरीत. नरोत्तम पुरी कान-नाक-घशाचे डॉक्टर. हिंदीतले रवी चतुर्वेदी दिल्लीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे. आकडेवारीसाठी शेजारी बसणारे मुंबईचे आनंदजी डोसा यांनी तर छंद म्हणून सुरू केलेल्या नोंदींवर आयुष्य घालवलं. संगणक नव्हते. कोणत्या फलंदाजाने कोणत्या मैदानावर किती धावा केल्या हे डोसांच्या हाताने लिहिलेल्या कागदांतून निघे आणि चिठ्ठीवरून समालोचकाच्या हाती जाई. श्रोत्याला वाटे, या माणसाला सगळं पाठ आहे.

आज मराठी समालोचन पुन्हा ऐकू येतं, तेही मोठ्या प्रमाणावर. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने जिओ सिनेमावर मोबाइलवर फुकट दिसू लागले आणि भाषांच्या यादीत मराठी होती. केदार जाधव, किरण मोरे, धवल कुलकर्णी, सिद्धेश लाड अशी खेळाडू मंडळी मराठीत बोलली. हंगामाच्या मध्यावर बंगळूरच्या संघाने जखमी डेव्हिड विलीच्या जागी केदारला बोलावून घेतलं आणि तो समालोचन कक्षातून थेट मैदानात गेला. पंडितांच्या पिढीला हे पाहून आनंद झाला असता. मलाही होतो. पण त्यात एक मूलभूत फरक आहे. पडद्यावरचा समालोचक बघणाऱ्याशी बोलतो. चेंडू कुठे गेला हे सांगण्याची त्याला गरज नाही, म्हणून तो गप्पा मारतो, किस्से सांगतो, चेष्टामस्करी करतो. चांगली असते ती. डोळे मिटून ऐकली तर मात्र सामना कुठे चालला आहे हे कळत नाही. अंध माणसाला, गाडी चालवणाऱ्याला, गर्दीत फोन काढायलाही हात मोकळा नसलेल्या कल्याणच्या प्रवाशाला या मराठीचा उपयोग अर्धाच आहे.

न पाहणाऱ्यासाठी बोलणारी मराठी आज कुठे जिवंत आहे, याचं उत्तर कल्याण-डोंबिवलीच्या कडेच्या गावांत मिळतं. दिवाळी सरते, भाताची कापणी होते, शेतं मोकळी होतात. नांदिवली, मानपाडा, दिवा, भिवंडीकडची गावं, सगळीकडे टेनिस चेंडूच्या स्पर्धांचे मांडव पडतात. आगरी-कोळी गावांचा हा खरा क्रीडा हंगाम, पावसाच्या तोंडापर्यंत चालणारा. मैदानाच्या कडेला बांबू-ताडपत्रीचा मंच, त्यावर पंचक्रोशीतले मान्यवर, आणि कोपऱ्यात माईक घेऊन बसलेला समालोचक. त्याच्यासमोर दोन तऱ्हेचे लोक असतात. समोर बसलेल्यांना खेळ दिसतो. मांडवामागे चहाच्या टपरीवर उभे असलेले, घरात स्वयंपाक करणाऱ्या, शेताच्या पलीकडे गुरं बांधणारे, यांना फक्त कर्णा ऐकू येतो. म्हणून तो चेंडू न चेंडू सांगतो. मराठी, हिंदी, मधूनच आगरी. अमक्यांच्या तर्फे या षटकाराला पाचशे रुपये, तमक्या गावचा संघ मैदानाजवळ हजर राहावा, आणि पुढच्याच श्वासात गोलंदाज धाव घेतो आहे. सकाळपासून रात्री उजेडाच्या दिव्यांपर्यंत, एका दिवसात आठ-दहा सामने.

मी या मंचांच्या मागे बराच वेळ उभा राहिलो आहे. शहरातल्या रसिकांना हा कर्णा गोंगाट वाटतो. त्यांनी एकदा पाठ करून उभं राहावं आणि नुसतं ऐकावं. चांगला समालोचक असेल तर पाच मिनिटांत मैदान डोळ्यांपुढे उभं राहतं: कोणती बाजू छोटी, वारा कुठून, कोणता फलंदाज कोणत्या गावचा आणि गेल्या वर्षी त्याने काय केलं. समालोचकाला गावोगावची नावं, घराणी, जुने सामने पाठ असतात, कारण उद्या दुसऱ्या गावात हेच खेळाडू त्याला पुन्हा भेटणार असतात. बेसबॉलच्या समालोचकाला जे रोजचं नातं मिळतं, ते आकाशवाणीच्या कराराने आपल्याकडच्या कुणाला दिलं नाही. ते या माणसांना मिळालं आहे. त्यांचा हंगाम आहे, त्यांचा श्रोता रोजचा आहे. आता सामने मोबाइलवरही दाखवले जातात, त्यामुळे मुंबईत नोकरीला गेलेला भाऊही गावचा सामना ऐकतो.

या खेळाला पैशाची आणि प्रतिष्ठेची वाट आता फुटली आहे. मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ही टेनिस चेंडूची दहा षटकांची स्पर्धा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सुरू झाली, २०२५ मध्ये ती पुन्हा तिथेच झाली. गल्लीतला खेळाडू दिव्यांखाली, कॅमेऱ्यासमोर आला. त्याच्याबरोबर गल्लीतला समालोचकही यायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे. खेळाडूंची निवड चाचणी होते, मग माईकवाल्यांचीही व्हावी.

क्रिकेटपटू घडवायला हा पट्टा कमी पडलेला नाही. अजिंक्य रहाणे डोंबिवलीच्या एस. व्ही. जोशी शाळेतला. तुषार देशपांडे कल्याणचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजी उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईसाठी अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने बडोद्याविरुद्ध १२३ धावा केल्या. दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनच्या नाबाद १२०. शेवटच्या जोडीची २३२ धावांची भागीदारी. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकण्याचा प्रकार प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी एकदाच घडला होता, १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून. कल्याणच्या रिक्षा स्टँडवर त्या दुपारी लोक फोनवर आकडे हलताना पाहत होते. अशा डावाला आपल्या भाषेत सांगणारा माणूस असावा, आणि तो लांबून आणावा लागू नये.

बाळ पंडितांचं धावतं वर्णन आज सामान्य श्रोत्याला सहज ऐकायला मिळत नाही. त्या पिढीतल्या इतर मराठी समालोचकांचंही नाही. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघरी कॅसेट रेकॉर्डर आले होते. कुणीतरी गंमत म्हणून कॉमेंट्री टेप केली असणार, गाण्यांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ती उरली असणार. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. पुस्तकं जपण्याचं काम या संस्थांनी शतकाहून जास्त काळ केलं. आता त्यांनी आवाजासाठी एक कपाट काढावं: जुन्या समालोचनाच्या कॅसेट, गावच्या स्पर्धांच्या चित्रफिती, माईकवाल्यांच्या वह्या. आपल्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल तर ती भंगारात देण्याआधी एकदा लावून पाहा. आवाज ओळखीचा निघाला तर त्यावर सामना, मैदान आणि वर्ष लिहा आणि ती जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.